विटांचं जहाज

माझा मेव्हणा धनराज स्वतःच्या घराला घर म्हणत नाही, जहाज म्हणतो. विटांचं, कौलारू, पुढे पडवी, मागे न्हाणी, आणि म्हणे जहाज! स्वयंपाकघर त्याची गॅली, सारवलेली जमीन त्याचं डेक, पुढचं दार म्हणजे गँगवे. वडशाच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आला की पडवीच्या पायरीवर ताठ उभा राहून आधी सलाम ठोकतो, मग चपला काढतो. निघताना बायकोला सांगतो, "किनाऱ्यावर जाऊन येतो." समुद्र आमच्यापासून इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त टीव्हीवर पाहिला आहे.

त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. नौदलाची रीतच तशी. गोव्याला त्यांचा विमानतळ आहे, चांगला दगडमातीचा, भिंतींना चुना लावलेला, एक इंचही हलत नाही. पण त्यालाही ते जहाजच म्हणतात. फाटकाबाहेर पडायचं म्हणजे किनाऱ्यावर उतरायचं, आणि त्यासाठी वरच्या साहेबाची परवानगी घ्यायची. धनराज निवृत्त होऊन गावी आला तेव्हा पेन्शनसोबत ही रीतही घेऊन आला. मी वायुदलातला माणूस. आम्ही बराकीला बराक म्हणतो आणि संडासाला संडास. त्यामुळे ह्या विटांच्या जहाजाची मी आयुष्यभर मनसोक्त टिंगल केली, आणि मागच्या भादव्यात त्याच जहाजावर चढायची परवानगी मागायची पाळी माझ्यावर आली.

आमच्या गावाला एक जुना तलाव आहे. तलावाच्या खाली धानाची बांध घातलेली शेतं, म्हणजे बांध्या, आणि बांध्यांच्या मधोमध एका उंचवट्यावर धनराजचं घर. भादव्यात तलाव सांडव्यावरून वाहायला लागतो, बांध्या काठोकाठ भरतात आणि घराच्या चारी बाजूंना पाणीच पाणी होतं. पाण्यात हिरवं धान उभं असतं, वारा आला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलत जातं. दुपारी ढग खाली उतरले की आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते कळत नाही. अशा वेळी मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभा राहून त्या घराकडे बघतो आणि माझं मलाच वाटतं की ते किंचित पुढे सरकलं. हे मी धनराजला कधी सांगितलेलं नाही.

कारण ते दृश्य माझ्या ओळखीचं आहे. पंचविशीत मी ते विमानाच्या काचेतून पाहिलंय.

सुपर कॉन्स्टेलेशन तिचं नाव, आम्ही लाडानं कॉनी म्हणायचो. चार इंजिनं, मागे तीन शेपट्या, अंग माशासारखं वाकदार. तरुणपणी प्रवासी नेत होती, म्हातारपणी वायुदलात आली आणि समुद्रावर पहारा करू लागली. मी तिच्या इंजिनांचा फिटर. एकेका इंजिनाला अठरा सिलिंडर, आणि तेल गळायचं थांबलं तर समजायचं की तेल संपलं. लांबच्या उड्डाणाला सोबत फिटर लागायचा, म्हणून मला समुद्र दिसला. इंजिनियर साहेबाच्या मागे एक घडीची खुर्ची होती, ती माझी. पुण्याहून निघालं की थोड्याच वेळात खालची जमीन सुटायची, आणि मग दिवसभर फक्त पाणी. इंजिनांचा आवाज इतका वेळ चालायचा की शेवटी तो ऐकूच यायचा नाही. मग डोळे आपल्या मनानं बघायला लागायचे. मला धान दिसायचं. अरबी समुद्रावर मी हिरव्यागार बांध्या पाहिल्यात, मधल्या मातीच्या धुऱ्यासकट. धुऱ्यावरून कोणीतरी डोक्यावर शिदोरी घेऊन चाललेलं असायचं. मी तोंड उघडून बघत बसायचो आणि साहेब ओरडायचा, "रामटेके, तेलाचा काटा बघ!"

शहात्तर साली सरकारनं ठरवलं की समुद्रावर पहारा करणारी विमानं यापुढे नौदलाची. वरच्या साहेबांत त्यावर पुष्कळ वादावादी झाली असेल, आमच्यापर्यंत फक्त निकाल आला. कॉनीचं काम शिकायला नौदलाची पोरं पुण्याला आली. त्यांत एक काटकुळा होता, पांढरी टोपी कानापर्यंत उतरलेली. त्यानं पाना मागितला, पण तो आमच्याकडच्या बोलीत, म्हणून मी वळून बघितलं.

"कुठचा गा तू?"

"वडशाकडचा."

मला आनंद झाला आणि रागही आला. माझं विमान न्यायला आला तोही घरचाच निघाला. तरी मी त्याला सगळं शिकवलं. शिकवताना वाद घातला.

"विमान उडते कशात? हवेत. मंग ते हवेवाल्यायचं."

"पाहते कुठी? पान्यात. मंग ते पान्यावाल्यायचं."

"इंजिन बिघडलं त समुद्र दुरुस्त करन का? वर्कशॉप आमचं, सुटे भाग आमचे, पायलट आमचे."

"अन् समोर जहाज दिसलं त ते कोनाचं, कुठी चाललं, तुमच्या पायलटले समजते का? आमच्या आरमाराले आत्ता विमान पायजे असलं त तुमच्या साहेबाले अर्ज करत बसाचं का?"

हा वाद तेव्हा सुरू झाला तो अजून चालू आहे. चहाच्या टपरीवर झाला, लग्नाच्या मांडवात झाला, मयतीहून परत येताना झाला. तलावावर बगळा उडाला की गावातली पोरंसोरं आम्हाला चिडवतात, बगळा कोणाचा, हवेवाल्यांचा की पाणीवाल्यांचा? पुढे त्यानं माझ्या धाकट्या बहिणीशी, सत्यशीलाशी लग्न केलं. म्हणजे आधी विमान नेलं, मग बहीण नेली. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला जवाई म्हणतो, तो मला गुलाबभाऊ. एकमेकांना तुमी-आमी. पण वादात कोणी कोणाला एक दाणा सोडलेला नाही.

खरं दुखणं वादाचं नव्हतंच. ते एका सकाळचं होतं. कॉनी गोव्याला जायची होती, कायमची. त्या शेवटच्या उड्डाणाला माझं नाव होतं. मी रात्रीच दाढी करून ठेवली होती. सकाळी धावपट्टीवर गेलो तेव्हा साहेब म्हणाला, जागा नाही, आता नौदलाचा फिटर जाईल. माझ्या घडीच्या खुर्चीवर धनराज बसला.

विमान जमिनीवर उभं असताना लावलेल्या खिळी आणि झाकणं उड्डाणाआधी काढतात. प्रत्येकीला एक लाल पट्टी असते, विसरू नये म्हणून. सगळ्या काढल्या की खालचा माणूस त्या हात वर करून पायलटला दाखवतो, मोजून आत देतो, आणि तेवढं झालं की विमान सोपवलं. त्या सकाळी मी सगळ्या खिळी काढल्या, दाखवल्या, आत दिल्या. फक्त एकीची लाल पट्टी सोडवून खिशात ठेवली. विमानाला त्यानं काही होत नाही, कापडाचा तुकडा तो. कोणी चोरी म्हणेल, मी हक्क म्हणतो. कॉनी उडाली, तिन्ही शेपट्या डोंगराआड गेल्या, आणि माझ्या हिशेबी ती अजून पूर्ण सोपवलेली नव्हती.

ती पट्टी माझ्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला बांधलेली असायची, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. रंग उडून विटकरी झाली, वरची इंग्रजी अक्षरं पुसली. दर भेटीत धनराज विचारायचा, "पट्टी कधी देता?" आणि मी म्हणायचो, "विमान आमचं होतं म्हना, मंग पाहू."

तर मागच्या भादव्यात, दुपारी, भाच्याचा फोन आला. अश्वजित शाळामास्तर आहे, एरवी प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतो. त्या दिवशी त्याचा आवाज फाटला होता.

"मामाजी, बाबा खाटेवरून खाली उतरालेच तयार नाई."

धनराजला ताप होता हे मला ठाऊक होतं. लघवीचा त्रास, वरून ताप, आठवडाभर अंगावर काढला. आता तो डोक्यात गेला होता. डॉक्टर पाळीवरून चिखल तुडवत घरी येऊन गेले आणि सांगून गेले की आजच्या आज ब्रह्मपुरीला भरती करा, किडनीवर चाललंय, उद्यावर टाकाल तर मी जबाबदार नाही. अॅम्ब्युलन्स तलावापलीकडे डांबरी रस्त्यावर येऊन उभी होती. आणि धनराज म्हणत होता की जहाज भर समुद्रात आहे, अशा वेळी कोणी उतरत नसतं.

"उचलून आना ना," मी म्हणालो.

"पाह्यलं ना. खाटेचा पाय धरून बसले. श्वास वर चढला, ओठ निळे पडले. डॉक्टर म्हनते, हृदय कमजोर आहे, ओढाताण करू नका. मामाजी, ते तुमचंच आयकतीन."

"माहं कधी आयकलं त्यानं?" मी म्हणालो आणि ट्रॅक्टर काढला. ट्रॉली जोडली, तिच्यात धानाची तणस टाकली, गादी टाकली, ताडपत्री घेतली. ह्याच ट्रॉलीतून हिवाळ्यात आम्ही सगळे घोंगड्या पांघरून वडशाला नाटकं बघायला जातो. धनराज नेहमी पुढच्या कोपऱ्यात बसतो आणि वाटेत डोळे मिटतो.

बांध्यांमधल्या वाटेवर चाकभर पाणी होतं. वाट दिसत नव्हती, दोन्हीकडच्या धानावरून अंदाज घ्यायचा. ऊन नव्हतं, सावलीही नव्हती. पाण्यात ढग पडले होते आणि मी त्या ढगांवरून ट्रॅक्टर नेत होतो. समोर ते घर हळूहळू मोठं होत होतं. मला भीती वाटत होती. धनराज गेला तर मी भांडू कोणाशी? माझ्या आयुष्यातली ती सकाळ त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही.

सत्यशीला पडवीत उभी होती. रडून झालं होतं, आता रागावली होती.

"भाऊ, आज मस्करी करू नोको. मानूस चालला माहा."

मी चपलांसकट पायरी चढलो, नेहमीसारखा. आतून आवाज आला, खरखरीत पण खणखणीत.

"कोन आहे? बिना परवानगी जहाजावर पाय ठेवाचा नाई!"

मी थांबलो. बहिणीकडे बघितलं. मग मागे उतरलो, चपला काढल्या, पायरीखाली सरळ उभा राहिलो आणि त्या कौलारू घराला सलाम केला.

"वर येऊ का, साहेब?"

दारातून त्याला मी दिसत असणार.

"हात पहाय कसा धरला. पंजा उघडा. वायुदलाचा दिसते. चालते. ये वर."

धनराज खिडकीकडच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या काचेतही खिडकीतलं पाणी हलत होतं. डोळे लकाकत होते, गाल आत गेले होते. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"काय गा कार्पोरल, तुले अजून पोस्टिंग नाई आली?"

लग्न झाल्यापासून तो मला कधी 'तू' म्हणाला नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं की तो कोणत्या साली आहे.

"चाल धनराज, उतरू."

"कुठी उतरू? पान्यात?" त्यानं खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर खरोखरच पाणी होतं, दूरपर्यंत. त्याला खोटं तरी कसं म्हणणार. "जहाज चालून राह्यलं. दिसत नाई का तुले?"

मला दिसत होतं, हीच तर पंचाईत होती.

"विमान आनलं," मी बोलून गेलो.

"कोनतं?"

"कॉनी."

तो हसला, हसता हसता खोकला. "बयाड झाला का गा तू? कॉनी कवा जहाजावर उतरते का? केवढी धावपट्टी लागते तिले! तूच सांगतलं ना मले."

ताप मेंदूत शिरला तरी माणूस माझ्या शिकवणीत चुकत नव्हता. मला त्याही स्थितीत अभिमान वाटला, आणि घाम फुटला. खिडकीबाहेर अश्वजित फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. अॅम्ब्युलन्सवाला विचारत असणार, किती वेळ. मी खोलीभर बघितलं. विटा, चुना, कोपऱ्यात धानाचा कणगा. मग मी जन्मात न बोललेलं वाक्य बोललो.

"हे साधं जहाज नाई ना. हे विटांचं आहे, गोव्यावालं. याले धावपट्टी आहे."

धनराजनं मान वळवली.

"तू मानते? हे जहाज आहे म्हनून?"

"मानतो."

दारात सत्यशीलानं पदर तोंडाला लावला.

"मंग कॅप्टनची परवानगी पायजे," तो म्हणाला. "बिना परवानगी किनाऱ्यावर जाता येत नाई."

मी काही बोलायच्या आत सत्यशीला आत आली, पदर खोचला आणि खाटेसमोर उभी राहिली. "कॅप्टन मी आहो. ह्या जहाजावर आजवर कोनाचा हुकूम चालला? जा म्हनते मी."

धनराजच्या चेहऱ्यावर इतकी निश्चिंती आली की काय सांगू. "हो जी," तो म्हणाला, आणि एक पाय खाली सोडला. तळवा जमिनीला लागला. मी खांदा पुढे केला. तो त्यावर रेलला आणि मध्येच थांबला.

"विमान कोनाचं?"

मी सावरून धरलं तरी तो हलेना.

"वायुदलाचं असन त मी नाई बसत. अजून सोपवलं नाई तुमी. एक पट्टी बाकी आहे. सोपवल्याबिगर मी कसा बसू?"

तापातल्या माणसाला एक शब्द सांगायचा होता, त्यात काय जातं, असं तुम्ही म्हणाल. सत्यशीलाचे डोळेही तेच म्हणत होते. पण तो शब्द माझ्यासाठी स्वस्त नव्हता. वाद मी हरलो नव्हतो, आजही हरलेलो नाही. गोष्ट वेगळीच होती. मी सोपवलं म्हणालो नव्हतो तोवर कॉनी कुठेतरी पुण्यात उभी होती. तिचं तेल गळत होतं, दार उघडं होतं, आत घडीची खुर्ची उघडलेली होती, आणि मी पंचवीस वर्षांचा, दाढी केलेला, कधीही चढू शकत होतो. सोपवलं म्हटलं की ती गेली. मग उरतो फक्त हा म्हातारा आणि त्याचा ट्रॅक्टर.

धनराजचा खांद्यावरचा हात गरम होता, इस्तरीसारखा. तो वाट बघत होता.

"तुमचं," मी म्हणालो. "तुमचं आहे, जवाई. नौदलाचं. सोपवाले आलो मी."

त्यानं तळहात पुढे केला. "पट्टी?"

मी बाहेर गेलो. स्टिअरिंगची गाठ इतक्या वर्षांची, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. तोंडात डिझेल आणि धुळीची चव आली. परत आलो, पायरीखाली सलाम केला, आत गेलो, आणि जसं धावपट्टीवर उभं राहायचं तसं खाटेपासून चार हात लांब उभा राहिलो. पट्टी दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरली. हात दुखेपर्यंत धरली. धनराजनं ती वरून खाली बघितली, मान हलवली. मग मी पुढे होऊन ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"एक," त्यानं मोजलं.

"एकच बाकी होती."

त्यानं मूठ मिटली आणि उभा राहिला. अश्वजितनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. पडवीच्या पायरीवर तो थांबला, वळला आणि घराला सलाम केला. आम्हीही थांबलो. घाई होती, पण त्याला घाई करा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्याला गादीवर निजवलं, वरून ताडपत्री धरायला सत्यशीला बसली. मी ट्रॅक्टरच्या सीटवर चढायला निघालो तर मागून हाक आली.

"फिटर कुठी आहे?"

"इथी आहो."

"पुढं कुठी चालला? फिटरची जागा मांगं असते."

अश्वजितनं माझ्या हातातून चावी घेतली. मी ट्रॉलीच्या फळीला धरून खालीच उभा राहिलो. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले ते या म्हाताऱ्याचे नव्हते.

"जागा आहे का?"

"आहे ना," धनराज म्हणाला. डोळे मिटले होते. "त्या दिवशी बी होती. सरकलो असतो, दोघं बसलो असतो. मले कोनी इचारलंच नाई."

मी वर चढलो. कसा चढलो आठवत नाही. त्याच्या उशाशी बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टरनं धक्का दिला आणि घर मागे सरकायला लागलं. मी रडत होतो, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही. दोन्ही बाजूंना पाणी मागे जात होतं. इंजिनाचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा झाला. बांधीतून एक बगळा उठला, आमच्यासोबत थोडा उडाला आणि ढगात गेला.

"काय दिसते?" धनराजनं विचारलं.

"पानी."

"अजून?"

"धान."

"धुरा दिसते का?"

"दिसते. कोनीतरी शिदोरी घेऊन चाललं."

"मले बी दिसे," तो म्हणाला. "समुद्रावर. मी कोनाले सांगतलं नाई. म्हनलं, हासतीन."

रस्ता आला तरी त्याची मूठ घट्ट होती, अॅम्ब्युलन्समध्ये घेतानाही कोणाला ती उघडता आली नाही.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी वेळेवर आणलं म्हणून सांगितलं. सुया लागल्या, बाटल्या चढल्या, ताप उतरला. धनराज शुद्धीवर आला तेव्हा मी तिथेच होतो. सत्यशीला वाटीत पेज गार करत होती. धनराजनं खोली बघितली, बाटली बघितली, मग स्वतःची मूठ बघितली. उघडली.

"गुलाबभाऊ," तो म्हणाला, "पट्टी इथी कशी आली?"

त्याला काही आठवत नव्हतं. जहाज नाही, विमान नाही, ट्रॉली नाही. सत्यशीलानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेज ढवळायला लागली. अश्वजित खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो असतो की गडबडीत हातात आली असेल, आणि पट्टी उचलून खिशात घातली असती, तर जगात कोणाला काही कळलं नसतं.

धनराजनंच ती माझ्यापुढे धरली. "घ्या. हरवन इथी. तुमचा ट्रॅक्टर सुना दिसन."

"राहू द्या," मी म्हणालो. "तुमाले देल्ली."

"देल्ली म्हंजे?"

"सोपवलं. विमान तुमचं."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, टिंगल कुठून निघते ते शोधत. त्याला ती सापडली नाही. त्यामुळे तो घाबरलाच. "डॉक्टरनं काही सांगतलं का? मी मरून राह्यलो का, गुलाबभाऊ?"

"मरत नाई तुमी. दोन दिवसांनी जहाजावर जाचं आहे."

जहाज हा शब्द माझ्या तोंडून ऐकून तो पट्टी बोटांभोवती गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "पर फुकटात? इतके वर्षं झगडले, अन् फुकटात देल्ली?"

"फुकटात काऊन? तुमी जागा देल्ली ना."

"कुठची जागा?"

उभं राहून माझे पाय दुखत होते. खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर सत्यशीला बसली होती. धनराजनं माझ्याकडे बघितलं, हाताची सुई सांभाळत भिंतीकडे सरकला आणि खाटेची कडा मोकळी केली.

मी बसलो.